तेल घ्या, वर पैसेही घ्या! टाक्या भरत आल्या की कच्च्या तेलाच्या भावाचं काय होतं?

तारीख २० एप्रिल २०२०. जगभर लॉकडाऊन. विमानं जमिनीवर, गाड्या पार्किंगमध्ये, कारखान्यांना कुलूप. त्या दिवशी अमेरिकेच्या वायदे बाजारात कच्च्या तेलाचा भाव बंद झाला तो होता उणे ३७.६३ डॉलर प्रति बॅरल.

हा आकडा छपाईची चूक नव्हती. तेल विकणारा अक्षरशः म्हणत होता, "माझ्याकडचं एक बॅरल तेल घेऊन जा, आणि वर हे ३७ डॉलर ६३ सेंटही घ्या."

बातमी भारतात पोचली तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा, "मग आपल्याकडे पेट्रोल फुकट का मिळत नाही?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्याचं उत्तर शोधायचं तर तेलाच्या विहिरीत नाही, तेलाच्या टाकीत डोकवावं लागतं. कारण त्या दिवशी जगात तेल फार झालं होतं, यापेक्षाही मोठी अडचण अशी होती की ते ठेवायला जागा मिळेना.

टोमॅटोचं उदाहरण घेतलं तर हे पटकन कळतं. बाजारात भाव पडला की शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओततो आणि लाल चिखल होतो. टोमॅटोला किंमत नसते असं नाही. पण तो ठेवता येत नाही, आणि बाजारात नेण्याचं भाडंही सुटत नाही. कांद्याचं वेगळं असतं. ज्याच्याकडे कांदाचाळ आहे, तो भाव येईपर्यंत काही महिने थांबू शकतो. चाळ नसलेल्याला मिळेल त्या भावात विकावं लागतं.

कच्चं तेल हा एरवी कांद्यासारखा माल. टाकीत घालून ठेवता येतो. पण टाक्या संपल्या की त्याचा टोमॅटो होतो. आणि टोमॅटो निदान रस्त्यावर ओतता येतो, तेल ओतताही येत नाही.

कच्च्या तेलाचा साठा म्हणजे नेमकं काय?

तेल विहिरीतून निघतं आणि रिफायनरीत जाऊन त्याचं पेट्रोल, डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन होतं. या दोन टोकांच्या मध्ये ते जिथे जिथे थांबतं, तो सगळा साठा. एक बॅरल म्हणजे साधारण १५९ लिटर. कोरोनाआधी जग रोज जवळपास १० कोटी बॅरल तेल वापरत होतं.

विहिरी रात्रंदिवस चालू असतात. मागणी मात्र कमी-जास्त होते. कधी रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद, कधी जहाज उशिरा, कधी मंदी. हा फरक सांभाळायचं काम टाक्या करतात. उत्पादन मागणीपेक्षा जास्त झालं की साठा वाढतो, कमी झालं की घटतो. म्हणून तेलाच्या बाजारात साठ्याच्या आकड्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मागणी आणि पुरवठ्याचे बाकीचे आकडे अंदाजाचे असतात, साठा मोजता येतो.

तेल ठेवतात कुठे?

मुख्य जागा चार.

१) जमिनीवरच्या पोलादी टाक्या. रिफायनरी, बंदर आणि पाईपलाईनच्या जंक्शनजवळ या गोल टाक्या दिसतात. यांतल्या अनेकांचं छप्पर तेलावर तरंगतं. तेल वाढलं की छप्पर वर येतं, कमी झालं की खाली जातं. त्यामुळे तेलावर हवेची पोकळी राहत नाही, वाफ कमी होते आणि आगीचा धोकाही घटतो. याचा एक गमतीचा उपयोग आहे. छप्पर जितकं खाली, तितकी टाकीच्या कडेची सावली आत मोठी पडते. उपग्रहाच्या फोटोत ही सावली मोजून कुठल्या देशाच्या टाक्यांत किती तेल आहे, याचा अंदाज बांधणाऱ्या कंपन्या आहेत.

२) जमिनीखालच्या गुहा. अमेरिकेचा राखीव साठा टेक्सास आणि लुइझियाना राज्यांत मिठाच्या प्रचंड थरांमध्ये आहे. पाणी सोडून मीठ विरघळवायचं, खारं पाणी उपसायचं आणि झालेल्या पोकळीत तेल भरायचं. भारतात खडक फोडून गुहा केल्या आहेत.

३) जहाजं. सगळ्यात मोठ्या प्रकारच्या तेलवाहू जहाजांपैकी एक जहाज साधारण २० लाख बॅरल तेल घेतं. जमिनीवर जागा संपली की ही जहाजं समुद्रात नांगर टाकून तरंगत्या टाक्यांचं काम करतात.

४) पाईपलाईन. पाईपलाईन रिकामी ठेवून चालत नाही, ती भरलेलीच हवी. त्यामुळे हजारो किलोमीटर पाईपमध्ये कायमचं तेल अडकलेलं असतं.

टाकी शंभर टक्के भरता येते का?

नाही. आणि बातम्या वाचताना हाच मुद्दा निसटतो.

टाकीच्या आकारावरून काढलेली क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वापरता येणारी क्षमता वेगळी. वर थोडी जागा सोडावी लागते. तळाला काही तेल कायम ठेवावं लागतं, नाहीतर पंप हवा ओढतो आणि तरंगतं छप्पर तळाला टेकतं. शिवाय एका टाकीतलं तेल दुसऱ्या टाकीत घेणं, वेगवेगळ्या प्रतीचं तेल मिसळणं यासाठीही काही जागा मोकळी लागते.

आणखी एक गोष्ट. रिकामी टाकी म्हणजे मिळणारी टाकी नव्हे. बहुतेक टाक्या आधीच भाड्याने गेलेल्या असतात. लग्नाच्या मोसमात हॉल रिकामा दिसतो, पण तारीख आधीच बुक असते, तसंच.

कुशिंग: ८ हजार वस्तीचं गाव, जगभरात भाव

आता वळू या त्या गावाकडे, जिथे हे सगळं घडलं.

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात कुशिंग नावाचं छोटं गाव आहे. वस्ती साधारण ८ हजार. १९१२ मध्ये इथे तेल सापडलं आणि काही वर्षं गावाची चलती झाली. पुढे विहिरी आटत गेल्या, पण टाक्या आणि पाईपलाईनचं जाळं राहिलं. आज उत्तरेकडून कॅनडाचं, पश्चिमेकडून टेक्सासचं तेल इथे येतं आणि रिफायनऱ्यांकडे जातं. गावाने स्वतःला 'जगाच्या पाईपलाईनचा चौक' असं बिरुद लावून घेतलं आहे.

१९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या नायमेक्स बाजारात कच्च्या तेलाचे वायदे सुरू झाले. डब्ल्यूटीआय नावाच्या हलक्या अमेरिकन तेलाचे हे वायदे. त्यात अट अशी की माल कुशिंगमध्येच द्यायचा आणि कुशिंगमध्येच घ्यायचा. त्यामुळे या गावातल्या टाक्यांवर जगभरातला एक प्रमुख भाव ठरू लागला.

२०२० मध्ये कुशिंगची वापरता येणारी साठवण क्षमता होती सुमारे ७ कोटी ६० लाख बॅरल. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. म्हणजे टाक्या भरल्या तर तेल जहाजात टाकून पाठवायची सोय नाही. आत येणारं तेल पाईपनेच येणार आणि बाहेर जाणारंही पाईपनेच.

२०२० मध्ये साठा एवढा वाढला कसा?

दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या.

पहिली, मागणी कोसळली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एप्रिल २०२० मध्ये अंदाज दिला होता की त्या महिन्यात जगाची मागणी आदल्या वर्षीच्या तुलनेत रोज २ कोटी ९० लाख बॅरलने कमी राहील. एवढी घट याआधी कधी झाली नव्हती.

दुसरी, पुरवठा वाढला. मार्च २०२० च्या सुरुवातीला तेल उत्पादक देशांच्या बैठकीत सौदी अरेबिया आणि रशियाचं बिनसलं. उत्पादन कमी करायचं ठरेना. सौदीने उलट नळ सोडले आणि एप्रिलमध्ये उत्पादन रोज १ कोटी २० लाख बॅरलच्या आसपास नेलं. महिन्याभराने, १२ एप्रिलला, ओपेक आणि मित्रदेशांनी रोज ९७ लाख बॅरल कपात मान्य केली. पण ती लागू होणार होती १ मेपासून. तोवर जहाजं निघाली होती आणि पाईप वाहत होते.

कुशिंगचा साठा मार्चच्या मध्यापासून आठवड्या-आठवड्याने फुगत गेला. १७ एप्रिलला संपलेल्या आठवड्यात तो ६ कोटी बॅरलच्या घरात पोचला, म्हणजे वापरता येणाऱ्या क्षमतेच्या तीन चतुर्थांशांच्या आसपास. कागदावर अजून जागा होती. पण उरलेल्या बहुतेक टाक्या बुक झालेल्या होत्या.

मग विहिरी बंद का केल्या नाहीत?

कारण विहीर म्हणजे नळ नव्हे. चालू विहीर अचानक थांबवली तर आत पाणी शिरू शकतं, मेण साचू शकतं, जमिनीखालचा दाब बदलतो. पुन्हा सुरू केल्यावर आधीएवढं तेल येईलच असं नाही. जुन्या, कमी तेल देणाऱ्या विहिरी एकदा बंद झाल्या की परत सुरू करणं परवडतही नाही.

शिवाय कंपन्यांवर कर्जं असतात आणि जमिनीच्या करारांत उत्पादन चालू ठेवण्याच्या अटीही असतात. त्यामुळे काही दिवस तोटा सोसून तेल काढत राहणं अनेकांना स्वस्त वाटतं. शेवटी अमेरिकेत उत्पादन घटलंच, पण ते व्हायला काही आठवडे गेले. बाजाराकडे तेवढा वेळ नव्हता.

२० एप्रिलला नक्की काय झालं?

इथे वायदा म्हणजे काय ते समजून घ्यावं लागेल. वायदा म्हणजे ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या भावाने माल घेण्याचा किंवा देण्याचा करार. डब्ल्यूटीआयचा एक करार १,००० बॅरलचा. बहुतेक व्यापाऱ्यांना तेल नको असतं. भाव वाढेल म्हणून करार विकत घ्यायचा आणि मुदत संपायच्या आत दुसऱ्याला विकायचा, एवढाच खेळ. पण मुदत संपली तेव्हा करार ज्याच्या हातात असेल, त्याला कुशिंगमध्ये जाऊन खरंखुरं तेल उचलावं लागतं.

मे महिन्याच्या कराराची मुदत २१ एप्रिलला संपणार होती. १७ एप्रिलच्या शुक्रवारी भाव होता १८.२७ डॉलर. सोमवारी, २० तारखेला, ज्यांच्या हातात करार होते ते विकायला धावले. एरवी हे करार विकत घेतात रिफायनऱ्या आणि साठवणूक करणारे व्यापारी. त्या दिवशी रिफायनऱ्यांना तेल नको होतं आणि व्यापाऱ्यांकडे टाकी नव्हती.

घेणाराच नाही म्हटल्यावर भाव १० वर आला, ५ वर आला, १ वर आला. मग शून्याखाली गेला. कराराच्या मालकांपुढे प्रश्न एकच होता. १,००० बॅरल, म्हणजे जवळपास १ लाख ५९ हजार लिटर तेल अंगावर घ्यायचं, की पैसे देऊन सुटका करून घ्यायची? त्यांनी पैसे दिले. एका क्षणी भाव उणे ४० डॉलरच्याही खाली गेला. दिवस संपला तो उणे ३७.६३ वर.

त्याच दिवशी जून महिन्याचा करार मात्र २० डॉलरच्या वर होता. तेल तेच, गाव तेच, फरक फक्त एका महिन्याचा. म्हणजे तेलाला किंमत होती. किंमत नव्हती ती 'आत्ता, इथे, टाकीशिवाय' मिळणाऱ्या तेलाला.

युरोपचं ब्रेंट तेलही त्या दिवशी २५ डॉलरच्या वर टिकलं. ब्रेंट उत्तर समुद्रातलं. ते जहाजात भरून कुठेही नेता येतं, आणि जागा नसेल तर जहाजच टाकी होतं. ब्रेंटच्या वायद्याची मुदत संपताना हिशेब रोखीतही होतो. कुशिंगसारखी कोंडी तिथे झाली नाही.

फटका मुंबईतल्या बाजारापर्यंत

कुशिंग मुंबईपासून हजारो किलोमीटर दूर. पण त्या आकड्याने भारतातल्या व्यापाऱ्यांचे खिसे रिकामे केले.

मुंबईच्या एमसीएक्स बाजारातही कच्च्या तेलाचे वायदे चालतात. इथे प्रत्यक्ष तेल घ्यायचं-द्यायचं नसतं. मुदत संपली की हिशेब पैशांत होतो, आणि तो होतो नायमेक्सच्या बंद भावाला रुपयात बदलून. एप्रिलच्या कराराची मुदत नेमकी २० एप्रिललाच संपत होती.

एरवी एमसीएक्स रात्री उशिरापर्यंत चालू असतं. लॉकडाऊनमुळे त्या वेळी ते संध्याकाळी ५ वाजताच बंद होत होतं. ५ वाजता शेवटचा भाव होता ९६५ रुपये प्रति बॅरल. अमेरिकेतली खरी पडझड त्यानंतर झाली, भारतात रात्र झाल्यावर. इथल्या व्यापाऱ्यांना ती पडद्यावर दिसत होती, पण विकून बाहेर पडायचा दरवाजा बंद होता.

एमसीएक्सने आधी तात्पुरता हिशेब १ रुपया भावाने केला. दुसऱ्या दिवशी अंतिम भाव जाहीर झाला, उणे २,८८४ रुपये.

याचा अर्थ काय? एक लॉट १०० बॅरलचा. समजा कुणी ९६५ रुपयांच्या भावाने एक लॉट घेऊन ठेवला होता. त्या लॉटची किंमत ९६,५०० रुपये. भाव अगदी शून्य झाला असता तरी त्याचं जास्तीत जास्त तेवढंच नुकसान झालं असतं. पण हिशेब उणे भावाने झाल्याने एका लॉटमागे ३ लाख ८४ हजार ९०० रुपयांचा खड्डा पडला. घातले त्याच्या जवळपास चौपट गेले. जितका तोटा घेणाऱ्यांना, तितकाच फायदा विकणाऱ्यांना झाला.

काही ब्रोकरांनी कोर्टाची पायरी चढली. बाजाराच्या वेळा काही दिवसांत पुन्हा वाढवल्या गेल्या. सप्टेंबर २०२० मध्ये सेबीने भाव शून्याजवळ किंवा शून्याखाली जाऊ शकतो हे धरून जोखीम सांभाळण्याची वेगळी चौकट आणली. तोवर 'शून्याखाली भाव' ही शक्यता बहुतेक छोट्या व्यापाऱ्यांच्या हिशेबातच नव्हती. अमेरिकेच्या बाजाराने मात्र आपली यंत्रणा उणे भाव हाताळू शकते, असं एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच जाहीर केलं होतं.

ज्यांच्याकडे जागा होती, त्यांचं काय झालं?

त्यांची चांदी झाली.

आजचा भाव कमी आणि पुढच्या महिन्यांचा भाव जास्त, अशा स्थितीला बाजारात 'कॉन्टॅन्गो' म्हणतात. टाकी असलेल्याला यात फारशी जोखीम नसते. आज स्वस्तात तेल घ्यायचं, पुढच्या महिन्याच्या चढ्या भावाने ते आजच विकायचा करार करायचा आणि मधल्या काळात तेल टाकीत ठेवायचं. भाडं आणि व्याज वजा जाता उरेल तो नफा. कांदाचाळीचाच हिशेब, फक्त इथे पुढचा भाव आधीच पक्का करून ठेवता येतो.

त्यामुळे त्या वसंतात जागेचे भाव तेलापेक्षा जास्त चर्चेत होते. मोठ्या तेलवाहू जहाजांचं भाडं काही मार्गांवर दिवसाला २ लाख डॉलरच्या वर गेलं. अमेरिकी सरकारने आपल्या राखीव साठ्यातली २ कोटी ३० लाख बॅरलची जागा नऊ कंपन्यांना भाड्याने द्यायची तयारी केली.

भारताकडे किती जागा होती?

भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. एवढं स्वस्त तेल म्हणजे आपल्यासाठी दिवाळीच. पण घेऊन ठेवायचं कुठे?

इंडियन स्ट्रॅटेजिक पेट्रोलियम रिझर्व्ह्ज लिमिटेड ही सरकारी कंपनी २००४ मध्ये स्थापन झाली. तिने तीन ठिकाणी खडकात गुहा खोदल्या:

- विशाखापट्टणम, आंध्र प्रदेश: १३.३ लाख टन
- मंगळुरू, कर्नाटक: १५ लाख टन
- पाडूर, उडुपी जिल्हा, कर्नाटक: २५ लाख टन

एकूण ५३.३ लाख टन, म्हणजे साधारण ३ कोटी ९० लाख बॅरल. सरकारच्या हिशेबाने देशाची साडेनऊ दिवसांची गरज.

या गुहांना आतून पोलादाचं अस्तर नसतं. गुहा भूजलाच्या पातळीखाली असते. आजूबाजूच्या खडकातलं पाणी सगळीकडून आत दाब देतं, त्यामुळे तेल बाहेर झिरपत नाही. हा दाब कायम राहावा म्हणून गुहेच्या वरच्या खडकात छिद्रं पाडून मुद्दाम पाणी सोडतात.

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यात भारताने या गुहा काठोकाठ भरून घेतल्या. १ कोटी ६७ लाख बॅरल तेल सरासरी १९ डॉलरने घेतलं. जानेवारीत हाच भाव ६० डॉलरच्या आसपास होता. सरकारने सुमारे ५ हजार कोटी रुपये वाचल्याचं सांगितलं.

बातमी चांगलीच होती. पण तिची दुसरी बाजूही आहे. १ कोटी ६७ लाख बॅरल म्हणजे देशाची जेमतेम चार दिवसांची गरज. गुहांमध्ये आधीपासून तेल होतं, त्यामुळे एवढीच जागा शिल्लक होती. भाव इतका खाली आलेला असताना पैशाआधी जागा संपली.

तेल कंपन्यांच्या स्वतःच्या टाक्यांत साधारण ६४ दिवसांचा कच्च्या तेलाचा आणि तयार इंधनाचा साठा राहू शकतो. गुहा आणि या टाक्या मिळून देशाची क्षमता ७४ दिवसांच्या आसपास जाते. तुलनेला, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पूर्ण सदस्य देशांना ९० दिवसांच्या निव्वळ आयातीएवढा साठा ठेवावा लागतो. भारत २०१७ पासून या संस्थेचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे ही अट भारताला लागू नाही. अमेरिकेच्या राखीव साठ्याची क्षमता एकटीच ७१ कोटी बॅरलच्या वर आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली. ओडिशातल्या चंडीखोलला ४० लाख टन आणि पाडूरलाच आणखी २५ लाख टन, खासगी कंपन्यांच्या भागीदारीतून. अशी गुहा खोदायला काही वर्षं लागतात. भाव पडल्यावर खोदायला घेतली तर ती तयार होईपर्यंत भाव परत चढलेला असतो.

मग पेट्रोल स्वस्त का झालं नाही?

तीन कारणं.

एक, उणे भाव फक्त एका महिन्याच्या कराराचा, फक्त कुशिंगमधला आणि जेमतेम एका दिवसाचा. दुसऱ्याच दिवशी तो करार पुन्हा शून्याच्या वर बंद झाला. भारत जे तेल घेतो त्याचा भाव आखाती देशांच्या तेलावर आणि ब्रेंटवर अवलंबून असतो. तो खूप उतरला होता, पण शून्य झाला नव्हता.

दोन, कच्च्या तेलाचं पेट्रोल होताना शुद्धीकरण, वाहतूक, पंपचालकाचं कमिशन आणि कर हे सगळं जोडलं जातं.

तीन, केंद्र सरकारने मार्च २०२० मध्ये पेट्रोल-डिझेलवरचं शुल्क लिटरमागे ३ रुपयांनी वाढवलं. मे महिन्यात पेट्रोलवर आणखी १० आणि डिझेलवर १३ रुपये वाढवले. तेल उतरल्याचा फायदा मोठ्या प्रमाणात सरकारी तिजोरीत गेला. पंपावर तो दिसला नाही.

टाक्या रिकाम्या झाल्या तर?

कुशिंगचा साठा मेच्या सुरुवातीला साडेसहा कोटी बॅरलपर्यंत गेला आणि तिथून उतरू लागला. संपूर्ण अमेरिकेचा व्यापारी साठा जून २०२० मध्ये ५४ कोटी बॅरलवर पोचला. तो तोवरचा विक्रम होता. उत्पादनातली कपात लागू झाली, गाड्या रस्त्यावर आल्या आणि टाक्या हळूहळू रिकाम्या होत गेल्या.

दोन वर्षांनी चित्र उलटं झालं. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेल १०० डॉलरच्या वर गेलं. २०२२ च्या उन्हाळ्यात कुशिंगमध्ये दोन कोटींच्या थोडं वर तेल उरलं होतं. त्याखाली गेलं तर टाक्यांच्या तळाचा गाळ आणि पाणी वर येतं, पंप नीट चालत नाहीत. अमेरिकेने त्या वर्षी राखीव साठ्यातून १८ कोटी बॅरल तेल बाजारात सोडायचं जाहीर केलं. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये भारतानेही अमेरिका आणि इतर देशांबरोबर आपल्या गुहांतून ५० लाख बॅरल सोडायची तयारी दाखवली होती.

म्हणजे टाकी फार भरली तर भाव कोसळतो आणि फार रिकामी झाली तर भडकतो. या दोन टोकांच्या मध्ये असताना साठ्यात लाखभर बॅरलचा फरक पडला तरी कुणी दखल घेत नाही. टोकाजवळ मात्र तेवढ्याच फरकाने बाजार हादरतो.

'साठा वाढला' ही बातमी कशी वाचायची?

अमेरिकेचं ऊर्जा माहिती प्रशासन एरवी दर बुधवारी साठ्याचा अहवाल देतं. भारतात तेव्हा रात्रीचे ८ वाजलेले असतात, हिवाळ्यात ९. त्यानंतर मोबाईलवर 'साठा वाढला, तेल घसरलं' अशा ओळी येऊ लागतात. त्या वाचताना चार गोष्टी तपासाव्यात.

- किती अपेक्षित होता? बाजाराला ५० लाख बॅरल वाढ अपेक्षित असेल आणि २० लाखच झाली, तर साठा वाढूनही भाव चढू शकतो.
- महिना कोणता? वसंत आणि शरद ऋतूत अमेरिकेतल्या रिफायनऱ्या दुरुस्तीसाठी थांबतात. तेव्हा कच्च्या तेलाचा साठा वाढणं नेहमीचंच.
- फक्त कच्चं तेल वाढलं की पेट्रोल-डिझेलही? कच्चं तेल वाढलं आणि पेट्रोल घटलं, तर मागणी पडलेली नसते. दोन्ही वाढले तर मागणी कमी झाल्याची शक्यता जास्त.
- जागा किती उरली? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि बातमीत बहुतेक वेळा हाच नसतो. १० कोटींच्या टाकीत ६ कोटी आणि ७ कोटींच्या टाकीत ६ कोटी, आकडा एकच, परिस्थिती वेगळी.

२० एप्रिल २०२० ला ज्यांनी १८ डॉलरचं तेल 'यापेक्षा स्वस्त काय होणार' म्हणून घेतलं, त्यांनी तेलाचा भाव पाहिला होता. टाकीत किती जागा उरली आहे आणि ती कुणाच्या नावावर आहे, हे पाहिलं नव्हतं. कांदा घेण्याआधी चाळ मोकळी आहे का ते बघावं लागतं. तेलाचंही तसंच आहे.